राजारामचा हात

१

अप्पा मानकरांना जाऊन अजून आठवडाही झाला नव्हता, आणि आज संध्याकाळी लालबागच्या नाक्यावरच्या फळ्यावर राजाराम तांबेचं नाव लागणार होतं.

तो फळा म्हणजे गिरणगावाचं वर्तमानपत्र. सभा कुठे आहे, अटक कुणाला झाली, सगळं तिथे खडूने लिहिलं जायचं. दिवसपाळी सुटली की माणसं डबे काखेत मारून उभ्या उभ्या वाचायची. त्या फळ्यावर 'फितूर' म्हणून एकदा नाव लागलं की त्या माणसाला नळावर पाणी मिळत नसे आणि गिरणीत त्याच्या साच्याशेजारी, म्हणजे मागाशेजारी, कुणी उभं राहत नसे. मग घरच्यांनी मुंबई सोडायची, एवढंच उरे.

राधा नायगावच्या बीडीडी चाळीतल्या आपल्या खोलीत उभी होती. नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालेलं, बरगडीवर हळदीचा लेप. काल भर दुपारी चार माणसांनी त्याला गिरणीच्या फाटकाबाहेर मारलं. चौघांचीही नावं त्याला ठाऊक होती आणि त्यातलं एकही त्याने सांगितलं नव्हतं. सकाळपासून तो दोनदा उठून बाहेर निघाला. त्याच्या जिवाचं काही बरंवाईट होईल अशी दोघींना धास्ती. शेवटी त्याची आई, मीराबाई, दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. म्हणाली, "आता माझ्या अंगावरनं जावं लागंल."

घडलं होतं ते असं. गेल्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेली माणसं गोळीबारात पडली. त्याला वर्ष होत आलं होतं. त्या हुतात्म्यांच्या नावांची पत्रकं गिरगावात, फणसवाडीतल्या अप्पांच्या खोलीत हाताने फिरवायच्या यंत्रावर गुपचूप छापली जात होती. पत्रकांवर बंदी होती. डबा पोचवायला जाणारी राधा सोडली, तर यंत्राचा पत्ता पाच जणांनाच ठाऊक होता. स्वतः अप्पा, त्यांचा पुतण्या रघुवीर, सचिवालयात कारकून असलेला चिंतामणी गुप्ते, लालबागचा दत्ताराम परब आणि राजाराम. बुधवारी पहाटे पोलीस थेट त्या दारावर आले. शेजारचं दार नाही, खालचा मजला नाही, थेट तेच. यंत्र गेलं, पत्रकं गेली आणि त्या धावपळीत अप्पांचं म्हातारं हृदय बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी दत्ताराम सांगत आला, की पोलीस चौकीवर साहेबाच्या तोंडून त्याने राजारामचं नाव ऐकलं. साहेब इंग्रजीत बोलत होता. चिंतामणी बी.ए. झालेला. त्याने त्या इंग्रजीचा अर्थ चारचौघांत सांगितला, "यात राजारामचा हात आहे." वर हेही म्हणाला, की ज्यांनी महिन्यापूर्वी धर्म बदलला त्यांना बाजू बदलायला कितीसा वेळ लागतो. हे तोच चिंतामणी म्हणाला, ज्याच्या लुळ्या वडिलांना राजारामने भर पावसात पाठीवर घेऊन इस्पितळात नेलं होतं.

राधा पालिकेच्या शाळेत पहिलीच्या मुलांना शिकवायची. डिसेंबरात तिने राजारामसोबत दादरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा तिला वाटलं होतं की आता माणसं आपल्याकडे जन्म बघून बोलणार नाहीत. तिने सासूला हाताला धरून थोडं बाजूला सरकवलं आणि चपला घातल्या.

"कुठं जातेस?" मीराबाईने विचारलं.

"तो साहेब काय बोलला ते विचारायला," राधा म्हणाली. "अजून कुणी विचारलेलंच नाही."

२

उर्मिलाबाई त्रिलोकेकर गिरगावातल्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मॅट्रिकला बसायचं म्हणून राधा दर रविवारी त्यांच्याकडे धडे घ्यायला येई. बाईंचं घराणं जुनं, मुंबईत इंग्रजांच्या आधीपासूनचं. आजोबांची दोन घरं भाड्याने दिलेली होती. बाई मात्र एकट्या राहत, भरपूर वाचत आणि शब्द चुकीचा वापरला तर समोर कोण आहे ते न बघता थांबवत.

राधाने सगळं सांगितलं. सांगताना रडायचं नाही असं ट्राममध्ये ठरवलं होतं, ते जमलं नाही. बाईंनी तिला रडू दिलं, पाणी दिलं आणि मग एवढंच विचारलं, की साहेबाचे मूळ इंग्रजी शब्द कोणते.

राधाला ते ठाऊक नव्हते. राजारामलाही नव्हते. ज्या शब्दांवरून त्याच्या बरगड्या मोडायची वेळ आली, ते त्याला कुणी ऐकवलेच नव्हते.

फणसवाडी तिथून चालत जाण्याइतकी जवळ. अप्पांच्या खोलीत रघुवीर एकटाच बसला होता. जिथे यंत्र असायचं तिथे फरशीवर शाईचा चौकोनी डाग होता आणि रघुवीर तो सोड्याने घासत होता. घासून जाण्यातला तो डाग नव्हता. पोलिसांनी त्याला एक दिवस डांबून सोडलं होतं. राधाला बघून तो उठला, बसा म्हणायचं की निघून जा म्हणायचं ते त्याला कळेना.

बाईंनीच तोंड उघडलं. रघुवीरने सांगितलं, की दत्तारामचं बोलणं त्याने स्वतः ऐकलेलं नव्हतं, चिंतामणीने सांगितलं तेवढंच त्याला ठाऊक. पण इंग्रजी वाक्य त्याला पाठ होतं, कारण त्या दिवसापासून ते त्याच्या डोक्यात फिरत होतं.

"राजाराम हॅड समथिंग टू डू विथ इट," तो म्हणाला.

राधाने आशेने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान खाली घातली.

"वाक्य बिनचूक आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नुसतं 'हॅड टू डू' म्हणजे करावं लागलं. पण त्यात 'समथिंग' आलं आणि शेवटी 'विथ' आलं की अर्थ पार बदलतो. एखाद्या गोष्टीशी माणसाचा काहीतरी संबंध होता, ती घडण्यात त्याचा वाटा होता. चिंतामणीने अर्थ चुकीचा सांगितलेला नाही, राधा."

खालच्या गल्लीत भाजीवाली ओरडत होती. राधाला वाटलं, आपण इथपर्यंत आलोच नसतो तर बरं झालं असतं. निदान दुपारपर्यंत काहीतरी शिल्लक राहिलं असतं.

जिना उतरताना बाई मधेच थांबल्या. त्यांनी विचारलं, दत्तारामला इंग्रजी कितपत येतं. राधा म्हणाली, अजिबात नाही, सही मराठीत करतो.

"मग त्याच्या तोंडून इतकं सरळ, सबंध वाक्य कसं आलं?" बाई म्हणाल्या. "त्यातला प्रत्येक शब्द जागच्या जागी आहे. ज्याला भाषा येत नाही त्याला वाक्य ऐकू येत नाही, नुसता आवाज ऐकू येतो. मला तो आवाज हवा आहे."

३

दत्ताराम परब लालबागच्या चाळीत गॅलरीत बसून होता. रजा नव्हती, तरी कामावर गेला नव्हता. मूळचा मालवणकडचा, भजनात बुवाच्या मागून झील धरणारा. बुवाने एखादी नवी चाल एकदा म्हटली की दुसऱ्या खेपेला ती दत्तारामच्या गळ्यात. राजारामच्या घरी तो किती वेळा जेवला असेल याचा हिशेब नव्हता. राधाला समोर बघितल्यावर तो आत निघून जायला लागला.

"दत्तारामभावजी," राधा म्हणाली, "मी भांडायला आले नाही. तुमच्या कानावर काय पडलं तेवढं सांगा. अर्थ नको. अर्थ पुष्कळांनी सांगितला."

तो दाराची चौकट धरून उभा राहिला. मग म्हणाला, "माका इंग्रजी येणा नाय, वहिनी. पण माजो कान खोटो नाय."

तेच हवं आहे, असं बाईंनी त्याला सांगितलं. भजनाची ओळ धरतो तशी ती ओळ धरायची, शब्द कळो न कळो. दत्तारामने डोळे मिटले. दोनदा ओठ हलवले. आणि मग ऐकलं तसं म्हणून दाखवलं.

"...राजाराम एनिथिंग टुडू विदिट."

शेवटचा तुकडा त्याने वर चढवून सोडला. बाईंनी तो पुन्हा म्हणायला लावला. पुन्हा तसाच, शेवट वर. बाईंनी विचारलं, 'समथिंग' की 'एनिथिंग'. तो म्हणाला, एनिथिंग. गिरणीतला जुना गोरा मास्तर फाटकावर रोज 'एनिथिंग? एनिथिंग?' करत झडती घ्यायचा, म्हणून तो शब्द कानात बसलेला. राजारामच्या नावाच्या आधी काहीतरी बारीकसा आवाज होता, पण दार लोटलेलं असल्यामुळे तो नीट आला नाही. नाव आणि एनिथिंग यांच्यामध्ये मात्र काही नव्हतं. एकाला एक लागून.

मग बाईंनी चौकीबद्दल विचारलं. दत्ताराम भिंतीला पत्रकं चिकटवताना सापडला होता, म्हणून त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. साहेब दक्षिणेकडचा, मराठी येत नसलेला. हवालदारांशी तो मोडक्या हिंदीत बोले. टेलिफोन आतल्या खोलीत नव्हता, बाहेर हवालदाराच्या मेजावर होता, दत्तारामच्या अगदी उजव्या हाताला. आत दुसरं कोण होतं ते त्याने बघितलं नाही. मागच्या बाजूलाही एक दार होतं. दुपारी त्याला दम देऊन सोडून दिलं. त्या इंग्रजी आवाजात काही अर्थ असेल, हे धाड पडेपर्यंत त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"हे कधीचं?" बाईंनी विचारलं.

"मंगळवार सकाळचा."

"आणि धाड?"

"बुधवारी फाटे."

बाईंनी राधाचा दंड धरला. त्यांची बोटं रुतली इतका घट्ट धरला.

"दत्ताराम," त्या म्हणाल्या, "हा आवाज तुम्ही चिंतामणीला जसा आत्ता म्हटला तसाच म्हणून दाखवला होता?"

"अगदी असोच," तो म्हणाला.

४

जवळच जाईबाईंची खानावळ होती. गिरणीतले एकटे पुरुष तिथे जेवायचे. ती वेळ टळून गेली होती, म्हणून दोघींना कोपऱ्यातला पाट मिळाला. जाईबाईंनी न विचारता सोलकढी आणून ठेवली.

"आता नीट ऐक," बाई म्हणाल्या. "रविवारचा धडा आहे असं समज. 'टू डू विथ' म्हणजे संबंध. संबंध आहे असं सांगायचं तर समथिंग. संबंध नाही असं सांगायचं तर नथिंग. आणि आहे का, असं विचारायचं असेल तर?"

"एनिथिंग," राधा म्हणाली. तिला ते येत होतं. गेल्याच महिन्यात बाईंनी तिच्याकडून लिहून घेतलं होतं.

"नकारातही एनिथिंग येतं. पण मग 'नाही'चा शब्द राजारामच्या नावानंतर यायला हवा होता. दत्ताराम म्हणतो, मध्ये काही नव्हतं. जे होतं ते नावाच्या आधी. क्रियापद नावाच्या आधी गेलं, शेवटी आवाज चढला. साहेब सांगत नव्हता, राधा. तो विचारत होता. राजारामचा याच्याशी काही संबंध आहे का?"

राधाने सोलकढी बाजूला सरकवली.

बाई पुढे म्हणाल्या, की 'याच्याशी' म्हणजे कशाशी, हेही कुणी पाहिलं नाही. सगळ्यांनी ते वाक्य धाड पडून गेल्यावर ऐकलं, म्हणून सगळ्यांना वाटलं, फितुरीशी. पण मंगळवारी सकाळी धाड पडलेलीच नव्हती. मंगळवारी साहेबापुढे एकच गोष्ट होती, ते यंत्र. आपल्या स्वतःच्या खबऱ्याबद्दल कुठला पोलीस अधिकारी विचारील, की याचा त्या यंत्राशी काही संबंध आहे का? ज्याच्याबद्दल विचारावं लागतं तो पोलिसांचा माणूस नसतो.

राधाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जाईबाईंनी काळजीने इकडे बघितलं.

"थांब," बाई म्हणाल्या. "इथे संपत नाही. त्याने विचारलं कुणाला? हवालदाराला इंग्रजीत विचारणार नाही. टेलिफोन बाहेर. म्हणजे त्या खोलीत इंग्रजी समजणारं दुसरं माणूस बसलं होतं, आणि ते त्या यंत्राबद्दल सांगत होतं."

पत्ता ठाऊक असलेल्या पाचांत इंग्रजी बोलणारे दोघेच, रघुवीर आणि चिंतामणी. राधाला फार आठवावं लागलं नाही. मंगळवारी सकाळी ती स्वतः फणसवाडीत भाकऱ्यांचा डबा देऊन आली होती. अप्पा शाई लावत होते, राजाराम यंत्र फिरवत होता आणि रघुवीर कागद मोजून गठ्ठे बांधत होता. ती शाळेची वेळ होईपर्यंत तिथेच बसली. चिंतामणी नव्हता. कचेरीतून सुटणार नाही, असा त्याचा निरोप होता.

दत्तारामने आणलेलं एनिथिंग चिंतामणीने समथिंग केलं होतं. प्रश्नाचं विधान झालं आणि ते विधान राजारामच्या गळ्यात पडलं.

"पण हा तर्क झाला," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा थकलेला वाटला. "चिंतामणी म्हणेल, खोलीत दुसरा अधिकारी असेल. म्हणेल, दत्तारामच्या कानावर काय जाता. व्याकरणावर कोण विश्वास ठेवील?"

बाहेर उन्हं कलायला लागली होती. अर्ध्या-पाऊण तासात दिवसपाळी सुटली असती.

राधा म्हणाली, "बाई, साहेबाने विचारलं, आणि तरी बुधवारी ह्यांना पकडायला कुणी आलं नाही. रघुवीरला नेलं, आमच्या दारात शिपाईसुद्धा फिरकला नाही. मग त्या माणसाने उत्तर काय दिलं असेल?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. "संबंध नाही, असंच दिलं असणार."

"म्हणजे त्याने ह्यांना वाचवलं," राधा म्हणाली आणि उठली.

५

नाक्यावरच्या चाळीच्या तळमजल्यावर, व्यायामशाळेत चिंतामणी गुप्ते फळ्याचा मजकूर ठरवत बसला होता. तीस-बत्तिशीचा, नीटनेटका, चष्मेवाला माणूस. राधाने वाटेत दत्तारामला सोबत घेतलं होतं आणि बाईंनी खानावळीत शिरण्याआधीच एका पोराला पाठवून रघुवीरला बोलावणं धाडलं होतं. तोही धापा टाकत आला. राधाला बघून चिंतामणी उठून उभा राहिला. त्याने खुर्ची पुढे केली. त्याचे डोळे लाल होते, हे राधाच्या लक्षात आलं. हा माणूसही झोपलेला नव्हता.

बाईंनी सगळं पायरी पायरीने मांडलं. एनिथिंग, नावाआधीचं क्रियापद, चढलेला शेवट, मंगळवार, टेलिफोन. रघुवीर ऐकता ऐकता पुढे झुकला. दत्तारामच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरत गेलं आणि त्याने भिंतीचा आधार घेतला. चिंतामणी मात्र शांत होता. त्याने बाईंचं म्हणणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं आणि मग त्या म्हणाल्या होत्या तेच बोलला. दुसरा अधिकारी असू शकतो. दत्तारामला एनिथिंग आणि समथिंग यातला फरक काय ठाऊक. आणि अप्पांचा जीव गेला आहे, तिथे आपण शाळेतला धडा गिरवत बसायचं का.

"मला वाईट वाटतं, वहिनी," तो राधाला म्हणाला. "राजाराम माझाही मित्र होता."

रघुवीर पुन्हा मागे टेकला. बाहेर गिरणीचा भोंगा झाला. माणसं रस्त्यावर यायला लागली, त्यांचा गलबला आत ऐकू येऊ लागला. कुणीतरी दाराशी येऊन विचारून गेलं, मजकूर तयार आहे का.

राधा खुर्चीवर बसली नव्हती. ती चिंतामणीच्या समोर जाऊन उभी राहिली.

"त्या खोलीत जो कुणी होता," ती म्हणाली, "त्याला साहेबाने विचारलं, राजारामचा संबंध आहे का. आणि तो होय म्हणाला. नुसता पत्ता देऊन त्याचं भागलं नाही. म्हातारा तर सापडेलच, हाही सापडू दे म्हणाला. तुमचे वडील लुळे पडले तेव्हा ह्यांनी त्यांना पाठीवर नेलं, चिंतामणराव. गुडघाभर पाण्यातून नेलं. आणि तुम्ही त्या माणसाचं नाव साहेबाच्या हातात दिलंत. त्याला फासावर द्यायला निघालात."

"नाही," चिंतामणी म्हणाला.

"दिलंत. होय म्हणालात."

"खोटं आहे ते, वहिनी. मी नथिंग म्हणालो. ही हॅज नथिंग टू डू विथ इट. दोनदा म्हणालो. साहेबाला ते नाव कुठून तरी आधीच ठाऊक होतं, मी दिलं नव्हतं. मी त्याला वाचवला."

चिंतामणीने चष्मा काढला आणि हातात धरला. आपण काय बोललो ते त्याला आत्ता ऐकू आलं होतं.

मग त्याने उरलेलं सांगितलं. कुणी विचारायची वाट पाहिली नाही. महिन्यापूर्वी कचेरीच्या टेबलात त्याच्याकडे एक पत्रक सापडलं होतं. सरकारी नोकरी जाणार होती, वर खटला. घरी अंथरुणाला खिळलेले वडील. साहेबाने शब्द दिला होता, की फक्त यंत्र उचलू, कुणाच्या अंगाला हात लावणार नाही. अप्पा मरतील हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. आणि गुरुवारी दत्ताराम ते इंग्रजी घेऊन आला, तेव्हा त्याला वाटलं की आता कुणीतरी हा प्रश्न नीट समजून घेईल आणि विचारील, उत्तर कुणी दिलं. तो घाबरला. एक शब्द बदलला. तेवढ्याने भागेल असं वाटलं.

"त्याला एवढं मारतील असं मला वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

दत्ताराम त्याच्या अंगावर जायला निघाला, तेव्हा रघुवीरने त्याला कमरेला धरून थांबवलं. रघुवीर रडत होता. ज्याचा काका गेला त्याने थांबवलं म्हणून दत्ताराम थांबला.

फळ्यावर काय लिहायचं, असं दाराशी पुन्हा कुणीतरी विचारलं. सगळे राधाकडे बघायला लागले. चिंतामणीचं नाव लिहा असं ती म्हणाली असती तर ते लिहिलं गेलं असतं, आणि मग त्या लुळ्या म्हाताऱ्याच्या घरचा नळही बंद झाला असता. राधाला चिंतामणीची दया आली नव्हती. पण सकाळपासून दाराला पाठ लावून बसलेली आपली सासू तिला दिसत होती, आणि दुसऱ्या कुणाच्या घरात ती तशी बसलेली तिला नको होती.

"राजाराम तांबे निर्दोष आहे, एवढं लिहा," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरात. चिंतामणरावांचं काय करायचं ते तुम्ही चळवळीच्या समितीत ठरवा."

रघुवीरने स्वतः जाऊन लिहिलं. चिंतामणी मागच्या दाराने गेला. पुढे तो मुंबईत दिसला नाही. वडिलांना घेऊन आजोळी अलिबागकडे गेला, असं कुणी सांगायचं.

६

राधा नायगावला पोचली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती. काल दारं लावून घेणाऱ्या बायका आज गॅलरीत उभ्या होत्या. एकीने तिच्या हातात दुधाचा पेला दिला. राधाने तो घेतला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

मीराबाईने दार उघडलं. राजाराम उठून बसला होता. राधाने पेला त्याच्या हातात दिला आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, बाईंचा धडासुद्धा. ती थांबल्यावर त्याने पेला न पिताच खाली ठेवला.

"चिंतामणी घाबरला," तो म्हणाला. "ते मला समजतं. पण दत्तू इथे जेवायला बसायचा, राधे. एकदा येऊन मला विचारायला त्याला काय झालं होतं?"

इतका वेळ राधाला वाटत होतं की हे निस्तरलं की सगळं पूर्वीसारखं होईल. नवऱ्याच्या आवाजावरून तिला कळलं, की तसं होणार नाही.

दुसऱ्या दिवशी गिरगावात अप्पांची शोकसभा होती. सकाळी दत्ताराम आला. दारात उभा राहिला, आत येईना. मीराबाईने पाट मांडला आणि ती चूल फुंकायला गेली. दत्ताराम म्हणाला, "राजा, माका मार. माज्या कानाखाली मार. पण गप ऱ्हवू नको."

"मला हात वर करवत नाही," राजाराम म्हणाला. ते खरंच होतं, बरगडीमुळे त्याला हात उचलत नव्हता. पण दत्ताराम ऐकून जमिनीवरच बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

राजारामने त्याला रडू दिलं. समजूत घातली नाही. मग भिंतीला धरून उठला, राधाने खुंटीवरचा सदरा दिला तो तिच्या मदतीने अंगात घातला आणि विचारलं, "सभा किती वाजता आहे?"

"वेळ हा अजून," दत्ताराम म्हणाला.

"मला वेळ लागेल."

तो दाराबाहेर आला. गॅलरीतली माणसं बाजूला झाली. जिन्याच्या तोंडाशी राजारामने क्षणभर थांबून दत्तारामच्या खांद्यावर हात टाकला, कारण दुसरा आधार नव्हता. दोघं उतरायला लागले. राधा मागून येत होती. दत्ताराम प्रत्येक पायरीवर थांबत होता आणि राजारामचा पाय नीट टेकला की मगच पुढचा पाय टाकत होता.